शेजाऱ्यांचा अभिप्राय

लोक मला सांगतात, बाई, झालं गेलं सोडून द्या, मन मोठं करा. माझं मन मोठं नाही. वीतभर आहे, आणि त्या वीतभर जागेत एकच माणूस ठाण मांडून बसलाय. तो म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचा वकील. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. कयामतच्या दिवशी मला विचारलं तरी हेच सांगेन, आणि सांगताना आवाज खाली करणार नाही.

मी मास्तरीण. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत तीस वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं भातकुली तालुक्यातल्या एका गावात. माहेर अकोल्याजवळचं. आमच्या गावात मुसलमानांची सात घरं होती आणि सातही घरांत वऱ्हाडीच चालायची. माझी आई कोंबड्यांनासुद्धा वऱ्हाडीतच शिव्या द्यायची. मी साडी नेसते, डोक्यावर पदर घेते. कपाळ मोकळं असतं, पण माझ्या वयाच्या कितीतरी बायांचं ते तसंच असतं. उर्दू मला तुमच्याइतकीच वाचता येते, म्हणजे येत नाही. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढं ते लागणार आहे.

अमरावतीत आम्ही घर बांधायला घेतलं तेव्हा बाजूला वकिलाचंही घर उठत होतं. माझा नवरा मोटारींचा मिस्तरी, तो काळा कोटवाला, पण दोघांचं जमलं. गवंडी एकच, रेतीचा ट्रक एकच, आणि दोन अंगणांच्या मधली भिंतही एकच. भिंत उंच आहे, पण आमच्या बाजूला धुण्याचा दगड आहे. त्यावर उभं राहिलं की माझं डोकं पलीकडं निघतं. वकीलीणबाई त्यांच्या बाजूला बादली पालथी घालून उभ्या राहायच्या. वीस वर्षं आम्ही दोघी अशाच बोललो. भाजी, पोरं, सासवा, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळं त्या भिंतीवरून गेलं आणि आलं. त्यांच्या मुलीला मुळाक्षरं मी गिरवून दिली. ती आमच्या ओट्यावर बसायची, पाटीवर थुंकून पुसायची आणि माझ्या हातचा धम्मक लाडू खायची. कैऱ्या फोडायचा मोठा लोखंडी अडकित्ता आमचा होता, सासऱ्यांच्या वेळचा. मे महिन्यात तो भिंतीवरून पलीकडं जायचा, आणि दोन्ही घरांचं लोणचं एकाच दिवशी पडायचं.

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली.

पहिल्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर झेंडे आले. मीही टाकला. दुसऱ्या दिवशी झेंड्यांच्या खाली मजकूर यायला लागला. बाहेरच्या शत्रूपेक्षा घरातला ओळखा, असा. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. आमच्या गल्लीत मुसलमानाचं घर एकच, आणि एकच असलं की ते साऱ्यांना तोंडपाठ असतं.

समोरच्या घरातले एक निवृत्त साहेब फाटकाशी उभे राहून मला म्हणाले, "बाई, तुमाले काय वाटते?"

"मले वाटते, तेल महाग होईन," मी म्हणाले.

"तसं नाई. मनातून काय वाटते?"

आता बघा. तीस वर्षं झेंडावंदनाची दोरी मी बांधली. गाठ सुटली तर हेडमास्तर मला हाक मारायचे. आणि हा माणूस लुंगी वर खोचून माझं मन तपासायला आला होता! मी म्हटलं, "साहेब, मनातून मले असं वाटते की तुमी बीपीची गोळी घेऊन आत पडावं." ते गेले. रागानंच गेले. पण त्या आठवड्यात मला सुचलेलं ते एकच बरं उत्तर होतं.

सायरन वाजला तर काय करायचं याची तालीम ठरली, त्यासाठी कॉलनीतल्या तरुणांची यादी केली. माझा मुलगा तिथं गेला, हात वर केला. परत आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "अम्मी, यादी भरली होती." नंतर दोन दिवस ग्रुपवर निरोप येत होता की अजून पोरं पाहिजेत.

त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं पेचकस घेतला आणि फाटकाजवळच्या नावाच्या पाटीचे स्क्रू काढायला लागला.

"काहून काढून राहिले?" मी विचारलं.

"धूळ बसली."

धूळ फडक्यानं निघते, पेचकसानं नाही. ज्या हातांनी ट्रकची इंजिनं उतरवली त्याच हातांनी तो स्वतःचं नाव उतरवत होता. त्यानं पाटी चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली. भिंतीवर स्क्रूची चार भोकं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले, तर भिंतीवर अडकित्ता ठेवलेला. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांच्या कैऱ्या अजून फोडायच्या होत्या. हाक नाही, काही नाही. थोड्या वेळानं पलीकडून कोयत्याचा आवाज यायला लागला. कच्च, कच्च. वकीलीणबाईंना कोयता धरता येत नाही, हे मला ठाऊक होतं. बोट कापो तिचं, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

हे सगळं मी गिळलं असतं. आपल्याकडं बाईला गिळायची सवय असतेच, आणि आमच्याकडं जरा जास्त. पण त्याच आठवड्यात माझ्या पोराची चौकशी आली.

पोरगा चार वर्षं पळत होता. वर्दीची नोकरी पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. खात्याचं नाव लिहीत नाही, त्याचं नावही लिहीत नाही, उगाच पुन्हा कोणाच्या डोळ्यावर यायला नको. पहाटे उठून मैदानावर जायचा, परत आला की त्याच्या बुटांतून अर्धा किलो माती निघायची. मी ओरडायची, तो हसायचा. पळण्यात पास झाला, गोळाफेकीत झाला, लेखीत झाला. यादीत नाव आलं तेव्हा त्याच्या बापानं गल्लीत पेढे वाटले, आणि वकिलानं पेढा तोंडात टाकून माझ्या पोराच्या पाठीवर थाप मारली, "वा रे पठ्ठे!" आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती. तेवढं झालं की ट्रेनिंग. ही शेवटची भरती होती त्याची, पुढच्या वेळी वय बसणार नव्हतं.

पडताळणीत ठाण्यातून माणूस येतो. घर बघतो, गुन्हा दाखल आहे का ते बघतो, आणि शेजारीपाजारी विचारतो. शेजाऱ्यांचा अभिप्राय म्हणून फॉर्मवर जागा असते. जो जमादार आला तो माझ्या ओळखीचा, त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. मी निर्धास्त. वकिलाच्या घरी गेला म्हणून तर आणखीच निर्धास्त झाले; अडकित्ता बाईनं परत केला होता, पाठीवर थाप वकिलानं मारली होती. मी त्याला चहा ठेवला होता. तो चहा न पिता गेला, गडबड आहे म्हणाला.

महिन्यानं तो मला भाजीबाजारात भेटला. मेथीच्या जुडीकडं बघत बोलला, माझ्याकडं बघितलंच नाही.

"बाई, वकीलसाहेब म्हनले, पोट्टा तसा चांगला हाये. पन या लोकायचं आता सांगता येत नाई."

"आणि तू लिहिलं?"

"ते समोर उभे होते, बाई. वकील मानूस. लढाई चालू. मी नसतं लिहिलं तर माह्यावरच आलं असतं."

एवढंच वाक्य. शिवी नाही, आरोप नाही. वकील आहे तो, एक शब्द फुकट बोलत नाही. पोट्टा तसा चांगला हाये, पण या लोकांचं आता सांगता येत नाही. मी तीस वर्षं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहिलं. ज्या पोरांनी माझ्या खुर्चीवर खाजकुयली टाकली त्यांच्याही दाखल्यावर 'चांगली' लिहिलं, कारण त्या कागदावर पोराचं पुढचं सगळं चालतं हे मास्तराला कळतं. आणि या माणसाला ते कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नका. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्या एका वाक्यानं फेरचौकशी लागली. पोराचा फोन नेला. त्या फोनमध्ये पळण्याचा वेळ मोजायचं एक घड्याळ होतं आणि येताना कोथिंबीर आण, असे माझे निरोप. ते तपासायला त्यांना चार महिने लागले. तोवर लढाई कधीच थांबली होती, टीव्हीवाले दुसऱ्या विषयावर ओरडत होते. ट्रेनिंगची गाडी गेली. त्याच्या जागी खालच्या यादीतलं पोरगं गेलं. फोन परत मिळाला, काही सापडलं नाही असा कागद मिळाला, आणि वय निघून गेलं.

मी वकिलाला विचारलं. लपून नाही, भर रस्त्यात विचारलं. तो स्कूटर थांबवून माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याचीच अशील आहे आणि मला कायदा समजत नाही.

"बाई, मी काय वाईट बोललो? चांगला हाये असंच म्हनलो. पयलं वाक्य तेच हाये माहं."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. दगडावर मी कपडे धुते, पण वर चढत नाही.

पोरगा बर्फाच्या कारखान्यात लागला. टेम्पोनं लग्नघरी, रसवंत्यांना, शीतपेयांच्या दुकानांना लाद्या पोचवतो. वकिलाला अजूनही काका म्हणतो, रस्त्यात दिसला तर मान झुकवतो. मला त्याचा त्या वेळी एवढा राग येतो की वाटतं त्याच्याच एक ठेवून द्यावी. मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही? तो म्हणाला, "वाटून काय करू?" बुटांची जोडी त्यानं माळ्यावर टाकली. मला मात्र वाटत होतं आणि मला काहीतरी करायचं होतं.

मी काय काय केलं ते सांगते, लाज वाटत नाही. आमच्या अंगणात भिंतीला लागून शेवगा आहे. त्याला दरवर्षी केसाळ अळ्या लागतात, घोळक्यानं. एरवी मी पेटत्या चिंधीनं जाळायची. त्या वर्षी एकही जाळली नाही. त्या भिंत ओलांडून वकिलाच्या पोर्चमध्ये उतरायच्या, त्याच्या काळ्या कोटावर चढायच्या. एका सकाळी तो मान खाजवत कोर्टात गेला ते पाहून मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पण अळ्यांनी पोट भरत नाही. ज्यानं एका वाक्यात माझं घर बुडवलं, त्याला खाज सुटून मला काय समाधान? मला वाक्याच्या बदल्यात वाक्य पाहिजे होतं.

आणि ते माझ्या दारात चालत आलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. पासष्टीची एक बाई फाटकाशी उभी राहिली. काठाची साडी, हातात पिशवी, लांब रस्त्यावर गाडी उभी. म्हणाली, "बाई, घोटभर पानी देता का?"

आपल्या भागात अनोळखी बाईनं भर कॉलनीत पाणी मागितलं की समजायचं, कुठंतरी सोयरीक जुळून राहिली आणि ही चौकशीला आली आहे. मुलीकडचे चौकशी करतात, मुलाकडचे करतात, आणि करतात ती शेजारी. तहानेनं कोणी येत नाही. मी तिला आत घेतलं, तांब्या दिला. दारावर पाटी नव्हती. कपाळाकडं तिनं पाहिलं असेल तर विधवा समजली असेल.

पाणी पिऊन ती सरळ मुद्द्यावर आली. अकोल्याची. भाचा इंजिनीअर, अकोल्याजवळ बागायती. वकिलाची मुलगी पसंत आहे, पत्रिका जुळली. वकिलाच्या मित्रांना विचारलं, सारे गोडच बोलले.

"दोस्ताले काय इचारायचं, बाई? दोस्त काय वाईट सांगन? मी किराण्याच्या दुकानात इचारलं, वकिलाचं कोनाशी बोलनं नाई? तो म्हने, लागूनच्या घराशी. म्हटलं, मंग तिथंच इचारते. ज्याचं बोलनं नाई तोच खरं सांगते."

मी मनात म्हटलं, वा गं म्हातारे!

आता खरं लिहिते. ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आली. पाटीवर थुंकून पुसणारी. तिनं माझं काय केलं होतं? काही नाही. आणि माझ्या पोरानं वकिलाचं काय केलं होतं? हे दोन प्रश्न मी शेजारी शेजारी ठेवले आणि मला दुसराच मोठा दिसला. आठ महिने मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो तांब्या घेऊन माझ्यासमोर बसला होता. मी खोटं काहीच सांगणार नव्हते. मुलीवर चिखल उडवणार नव्हते. मी फक्त त्याचंच त्याला परत देणार होते.

"लोकं तशे चांगले हायेत," मी म्हणाले. थोडं थांबले, वकील थांबतो तसं. "पन या लोकायचं आता सांगता येत नाई."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "म्हंजे?"

"म्हंजे काय ते तुमीच पाहा. मी काही वाईट बोलले नाई. चांगले हायेत असंच म्हनले."

तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. मग पिशवी उचलली. दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं, "तुमचं नाव काय म्हनले, बाई?"

खोटं नाव घेता आलं असतं. जिभेवर एक आलंही होतं, शाळेतल्या एका मैत्रिणीचं. पण माझ्या नवऱ्यानं पाटी काढली म्हणून मी नाव काढून ठेवलेलं नाही. मी पूर्ण सांगितलं, माझं, नवऱ्याचं, आडनावासकट.

तिची नजर आधी माझ्यावर, मग ओट्यावरच्या तांब्यावर गेली. "हाव का," ती म्हणाली. एवढंच. आणि गेली.

त्या संध्याकाळी मी शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय? मी म्हटलं, काही नाही, मनात आलं. आठ दिवस मी हलकी होते. भिंतीपलीकडून वकिलाचा आवाज आला की मनात म्हणायची, बघ आता, कसं वाटते. सोयरीक मोडल्याची बातमी कोणत्या दिवशी येते याची वाट पाहत होते. तुरीच्या शेंगा सोलतानाही मी कान पलीकडं लावून बसायची.

बातमी आली ती मांडववाल्याच्या बांबूंची. साक्षगंध ठरलं होतं, म्हणजे साखरपुडा. दुपारचं, वकिलाच्याच अंगणात.

मला वाटलं, म्हातारीनं घरी सांगितलंच नसेल. किंवा पोरगा अडून बसला असेल. साक्षगंधाच्या दिवशी मी मुद्दाम दोन चादरी धुवायला काढल्या. नवरा म्हणाला, आज नको. मी म्हटलं, माझं अंगण आहे. पलीकडं बायांचा कलकलाट, भांड्यांचा आवाज, तळणाचा वास. आणि मग अकोल्याच्या त्या म्हातारीचा खणखणीत आवाज आला, ती नव्या सोयऱ्यांना किस्सा सांगत होती.

"मले तं आधी शंकाच होती बापा. वकिलाचं घर, म्हटलं, चारजनायशी वाकडं असन. म्हनून मी बाजूच्या घरी गेली. ती बाई म्हने, लोकं चांगले हायेत, पन सांगता येत नाई. म्हटलं, गेली ही सोयरीक! मंग दारात नाव इचारलं. नाव आयकलं अन् म्हटलं, अवं माय, या लोकायनं नाव ठेवलं म्हंजे तं घर शंभर टक्के चांगलं हाये! तिथंच सोयरीक पक्की केली म्या."

मांडव हसला. बाया हसल्या, पुरुष हसले, आणि त्या सगळ्यांत मला एक हसू वेगळं ओळखू आलं. वकिलाचं. वीस वर्षं ऐकलेलं.

माझ्या हातातली चादर खाली पडली. तेच वाक्य होतं! शब्द तेच, वजन तेच, थांबणंही तसंच. त्याच्या तोंडातून निघालं तेव्हा माझ्या पोराची चार वर्षं गेली. माझ्या तोंडातून निघालं तर त्याच्या पोरीच्या लग्नाची सुपारी फुटली. मी त्याला मारायला दगड उचलला होता आणि तो माझ्या हातात असल्यामुळंच फूल झाला. माझी निंदासुद्धा त्यांना दाखला म्हणून चालत होती, आणि त्यावर ते जेवायला बसले होते.

मी धुण्याच्या दगडावर चढले. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा.

"वकीलसाहेब!"

पन्नास-साठ माणसं. पंगत बसलेली. वांग्याची भाजी, बुंदी, पुऱ्या. सगळ्यांनी वर पाहिलं.

"ते वाक्य माहं नाई. तुमचं हाये. माह्या पोराच्या चौकशीत तुमी तेच बोलले होते, शब्दाले शब्द. त्याची नोकरी गेली. मी तेच बोलली तं तुमची सोयरीक झाली. सांगा आता या सोयऱ्यायले, कोनतं खरं?"

वकिलानं वाढप्याला पुऱ्या फिरवायची खूण केली. वकीलीणबाई भाजीची बादली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हातारीच बोलली, आणि खरं सांगते, ती रागानं बोलली नाही, समजावून बोलली.

"अवं बाई, तवा लढाई होती ना. लढाईत मानूस बोलतेच. त्याचं कोन मनावर घेते?"

कोण मनावर घेते! मी उत्तर द्यायला श्वास घेतला, तेवढ्यात वकिलाच्या फाटकातून माझा मुलगा आत आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. त्याचं डोकं लादीखाली वाकलेलं. मठ्ठ्यासाठी बर्फ पाहिजे होता, ऑर्डर त्याच्याच टेम्पोवर पडली होती आणि त्यानं मला सांगितलं नव्हतं. एवढी शांतता कशाची, हे त्याला कळलं नाही. पाणी त्याच्या पाठीवरून गळत होतं.

"काका, बर्फ कुठं उतरवू?"

वकिलानं बोट दाखवलं. माझ्या पोरानं लादी टबात ठेवली, गोणपाट झटकलं, आणि मग त्याला मी दिसले, भिंतीवर डोकं काढून उभी. त्याला सगळं समजलं असावं, कारण त्यानं विचारलं काहीच नाही.

"अम्मी, उतर खाली," तो म्हणाला.

नाही उतरले. बोलायचं होतं ते संपलं होतं. मी नुसती उभी राहिले आणि बघत राहिले. वर्गात कॉपी करणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहायची तशी. पोरगा गेला, टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. कोणीतरी गाणं लावलं, कोणीतरी बंद केलं. वाढपी पुऱ्या घेऊन फिरले, लोकांनी हातानंच नको म्हटलं. पन्नास-साठ माणसं खाली मान घालून जेवली, भराभरा, घास न चावता. म्हातारीनं बुंदी तशीच ठेवली. वकिलानं एकदाही वर पाहिलं नाही. मुलीनं एकदा पाहिलं. तिच्या कपाळावर ओलं कुंकू होतं आणि तिच्या ताटातलं सगळं तसंच होतं. मला वाईट वाटलं नाही असं लिहायला आवडलं असतं. वाटलं. पण तरी मी पंगत उठेपर्यंत, हात धुऊन शेवटचा माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत उतरले नाही.

संध्याकाळी पोरगा घरी आला. ओले कपडे बदलले, चहा प्यायला. मला वाटलं आता चिडेल. तो वाकला, पलंगाखालून चादरीत गुंडाळलेली पाटी काढली आणि बापाला म्हणाला, "अब्बू, पेचकस द्या."

त्याचा बाप उठला. दोघांनी मिळून फाटकाजवळ चार जुन्या भोकांत चार नवे स्क्रू पिळले. पोरानं पाटी बाहीनं पुसली. आता ज्याला कोणाला बाजूच्या घराची चौकशी करायची असेल, त्यानं आधी आमचं नाव वाचावं आणि मग पाणी मागावं.